कारखाना, गाव आणि भरवसा : वाचकांचे प्रश्न

उद्योगसंस्था आणि त्यांच्या आसपासचा समाज यांच्यातील संबंधांविषयी गेल्या अंकात आम्ही वाचकांना प्रश्न पाठवण्याचे आवाहन केले होते. बुटीबोरी, कोराडी, उमरेड आणि नागपूर शहरातून पत्रे आली. त्यांतील सहा प्रश्न येथे घेतले आहेत. पत्रलेखकांपैकी काहीजण नोकरीत आहेत, तर काहीजण गावच्या कारभारात, म्हणून कोणाचेही नाव छापलेले नाही.

प्रश्न : मी बुटीबोरी औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मनुष्यबळ विभाग सांभाळतो. मूळचा मी विदर्भाबाहेरचा आहे. आमच्या कंपनीने शेजारच्या गावात शाळेच्या खोल्या बांधल्या, शुद्ध पाण्याचे यंत्र बसवले, सौरदिवे लावले. तरीही ग्रामसभेत आमच्याविरुद्धच बोलले जाते. एवढे करूनही लोकांचा विश्वास का बसत नाही?

उत्तर : आपल्या पत्रातली खंत खरी आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. आपण ज्याला 'एवढे केले' म्हणता, त्याकडे गाव कोणत्या नजरेने पाहते ते आधी समजून घ्यावे लागेल. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार, ज्या कंपनीचे निव्वळ मूल्य ५०० कोटी रुपये किंवा उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपयांहून कमी नाही, तिला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. १ एप्रिल २०१४ पासून ही तरतूद लागू आहे, आणि हा खर्च करताना कंपनी जिथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावे, असेही त्याच कलमात म्हटले आहे. गावातल्या शिकलेल्या मुलांना हे सारे ठाऊक असते. जे कायद्याने द्यावेच लागते त्याबद्दल गावाने उपकृत राहावे, ही अपेक्षा गावाला पटत नाही आणि मलाही ती रास्त वाटत नाही.

गावाचा भरवसा वेगळ्याच ठिकाणी घडतो किंवा मोडतो. नाल्याच्या पाण्याला पावसाळ्यात वास येतो का, कंत्राटी कामगाराचा पगार कोणत्या तारखेला होतो, त्याचा भविष्य निर्वाह निधी खरोखर भरला जातो का, रात्रपाळीचे ट्रक वस्तीतून कोणत्या वेगाने जातात, अपघात झालाच तर कंपनीचा कोण माणूस मेडिकलमध्ये, म्हणजे नागपूरच्या सरकारी रुग्णालयात, येऊन उभा राहतो, यावर लोक कंपनीचे माप घेतात. हा हिशेब चावडीवर, पानटपरीवर आणि लग्नाच्या पंगतीत रोज होत असतो, आणि त्यात सौरदिव्यांना फारशी जागा नसते.

गेल्या उन्हाळ्यात उमरेडच्या बाजूला एका गावात मी असेच एक पाण्याचे यंत्र पाहिले. निळ्या पत्र्याची खोली, तिच्यावर कंपनीचे नाव दुरून वाचता येईल एवढ्या अक्षरांत, नाणे टाकायच्या फटीत कोंबलेला कागद, आणि विजेची जोडणी तोडलेली. बाजूच्या हापशीवर पाण्याचा गुंड (हंडा) भरत असलेल्या एका बाईंना विचारले, तर त्या म्हणाल्या, "बोर्ड त्यायचा, अन् बिल आमी काहून भरावं?" यंत्र बसवताना वीजबिल कोण भरणार आणि फिल्टर कोण बदलणार हे कोणी विचारलेलेच नव्हते. त्याच गावाने कंपनीकडे एक साधी मागणी केली होती, की शाळा भरण्याच्या आणि सुटण्याच्या वेळी ट्रक गावातून नेऊ नयेत. तिला एक पैसाही लागला नसता. ती मान्य झाली नाही. न मागितलेली महाग वस्तू मिळाली आणि मागितलेली बिनखर्चाची गोष्ट मिळाली नाही, म्हणजे आपले ऐकणारे तिकडे कोणी नाही, असाच अर्थ गावाने काढला, आणि तो चुकीचा होता असे म्हणता येत नाही.

आपण काय करू शकाल? २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरवण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. त्यांतील एकीला काहीही देण्याची घोषणा न करता जाऊन बसा आणि बोलणी ऐकून घ्या. कारखान्याच्या फाटकावर मराठीत लिहिलेली तक्रारवही ठेवा आणि प्रत्येक तक्रारीपुढे उत्तराची तारीख लिहा. बैठक कापूस वेचणीच्या किंवा सोयाबीन काढणीच्या दिवसांत ठेवू नका. त्या दिवसांत जे येतील ते गावातले रिकामे पुढारी असतील, गाव नसेल. आणि व्यवस्थापनाला एवढे पटवून द्या की गावाशी बोलणारा माणूस दर दोन वर्षांनी बदलून चालत नाही. आमच्याकडे शब्द कंपनी देत नाही, माणूस देतो. तो माणूस बदली होऊन गेला की शब्दही त्याच्याबरोबर जातो, आणि नव्या माणसाला पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागते.

प्रश्न : मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी आहे. नागपूरच्या एम्प्रेस मिलचे उदाहरण आमच्या वर्गात जबाबदार उद्योगाचा नमुना म्हणून दिले जाते. हे कितपत खरे आहे?

उत्तर : बऱ्याच अंशी खरे आहे, पण ते पुढच्या इतिहासासह वाचायला हवे. जमशेटजी टाटांनी मुंबई सोडून नागपूर निवडले ते व्यवहार पाहूनच. कापूस इथे पिकत होता, रेल्वे येऊन पोहोचली होती आणि कोळसाही फार लांब नव्हता. १८७४ मध्ये कंपनी स्थापन झाली आणि १ जानेवारी १८७७ रोजी गिरणी सुरू झाली. दलदलीची जमीन भरून काढण्यावर पैसा ओतणाऱ्या जमशेटजींना एका स्थानिक सावकाराने 'हे तर सोने मातीत घालणे आहे' असे म्हणून कर्ज नाकारले आणि पुढे आपला अंदाज चुकल्याचे कबूल केले, अशी हकीकत सांगितली जाते. बाहेरून आलेल्या उद्योगावर इथल्या पैशाचाही सुरुवातीला विश्वास नव्हता, हे तिच्यावरून कळते.

तुमच्या अभ्यासाच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग पुढचा आहे. गिरणीत गैरहजेरी फार होती. शेतीच्या हंगामाला आणि सणावाराला माणसे गावी जात. दंड वाढवून हा प्रश्न सोडवण्याऐवजी गिरणीने कामगाराला टिकून राहण्याचे कारण दिले. १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी सुरू झाला आणि १८९५ मध्ये अपघाताची भरपाई देण्याची योजना आली. कामगार नुकसानभरपाईचा कायदा देशात १९२३ मध्ये आला आणि भविष्य निर्वाह निधीचा १९५२ मध्ये, हे लक्षात घेतले म्हणजे या निर्णयांचे मोल कळते. शिवाय गिरणीने हा पैसा कामगाराच्या आयुष्यावर खर्च केला. आजचे अनेक उद्योग नेमका हाच भाग कंत्राटदाराकडे सोपवून मोकळे होतात आणि मग सामाजिक निधीतून त्याच कामगाराच्या मुलाला दप्तर देतात.

मात्र याच गिरणीचा शेवटही वर्गात शिकवला गेला पाहिजे. १९८६ मध्ये ती टाटांच्या हातून गेली, राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाने काही काळ चालवली, आणि अखेर ती बंद पडली. आज त्या परिसरात मॉल उभा आहे. शतकभराचा जिव्हाळा तोट्यातल्या धंद्याला तारू शकत नाही. म्हणून उद्योगाच्या शाश्वततेचा विचार करताना तो कसा आला आणि कसा वागला याबरोबरच तो कसा गेला, निघताना कामगारांची देणी, जमीन आणि पाणी कोणत्या स्थितीत सोडून गेला, हाही प्रश्न धरावा लागतो. आपल्या जिल्ह्यात कोळशाच्या आणि मँगनीजच्या खाणी आहेत आणि खाण कधीतरी संपतेच, त्यामुळे हा प्रश्न इथे पुस्तकी नाही.

प्रश्न : गणेशोत्सव असो की मारबत, आता सगळीकडे कंपन्यांचे फलक दिसतात. हा आपल्या संस्कृतीचा सन्मान समजायचा की जाहिरात?

उत्तर : फलक असेल तर जाहिरात, असे मी सरळ म्हणेन, आणि कायद्याची भूमिकाही त्याच्या जवळची आहे. देशाचा वारसा, कला आणि संस्कृती यांचे जतन हे कंपनी कायद्यातल्या सामाजिक दायित्वाच्या (सीएसआर) यादीत येते; परंतु ज्या प्रायोजकत्वातून कंपनीच्या मालाची जाहिरात साधते ते सामाजिक दायित्वाचे काम धरले जात नाही, असे २०२१ च्या सुधारित नियमांत स्पष्ट आहे. कंपनीने जाहिरात करू नये असे नाही, पण तिने ती जाहिरातीच्या खर्चात दाखवावी.

याहून मोठी गोष्ट मला मारबतीविषयी सांगायची आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते, तिच्यासोबत बडगे नावाचे आणखी पुतळे असतात, आणि त्या वर्षी लोकांना जे जे खुपले ते त्या बडग्यांवर लिहिलेले असते. महागाई, भ्रष्टाचार, खड्डे, कोणाचीही गय होत नाही. "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" म्हणत सारे शहर रस्त्यावर उतरते. तक्रार उघडपणे, सर्वांसमक्ष मांडण्याची ही रीत शतकाहून जुनी आहे. ज्या शहरात अशी रीत आहे तिथे ग्रामसभेत मोठ्या आवाजात झालेली टीका ही शत्रुत्वाची खूण नसते. बाहेरून आलेले अधिकारी तिने घाबरून जातात आणि पोलीस बंदोबस्त मागवतात. वास्तविक लोक अजून बोलत आहेत याचाच तो पुरावा असतो. ज्या गावाने कंपनीशी बोलणेच सोडले, तिथली परिस्थिती अधिक काळजी करण्यासारखी असते.

संस्कृतीचा सन्मान करायचाच असेल तर सुट्ट्यांच्या यादीपासून सुरुवात करावी. मुख्यालय मुंबईत किंवा गुरुग्रामला असते, यादी तिथे तयार होते, आणि तिच्यात पोळा नसतो. ज्या कामगाराच्या घरी बैलजोडी आहे त्याला त्या दिवशी रजेसाठी खोटे कारण सांगावे लागते. १९५६ मध्ये १४ ऑक्टोबरला, त्या वर्षीच्या अशोक विजयादशमीला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच शहरात धम्मदीक्षा घेतली. दरवर्षी त्या दिवसांत दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, आणि त्यांच्या जेवणापाण्याची सोय करणाऱ्यांत असंख्य साधी माणसे असतात जी कुठेही नाव लावत नाहीत. कंपनीने आपल्या कर्मचाऱ्यांना त्या दिवसांत पगारी रजा देऊन स्वच्छतेच्या आणि पाणीवाटपाच्या कामाला जाऊ द्यावे. कमानीवर नाव रंगवण्यापेक्षा त्याची आठवण लोक अधिक ठेवतील.

प्रश्न : आमचे गाव कोराडी-खापरखेडा या औष्णिक वीजकेंद्रांच्या पट्ट्यात आहे. प्रकल्पांच्या जनसुनावण्या होतात, भाषणे होतात, पुढे काय होते ते कळत नाही. गावाने काय करावे?

उत्तर : जनसुनावणी ही २००६ च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचनेतील तरतूद आहे. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ ती घेते, आणि जिल्हाधिकारी किंवा त्यांचे वरिष्ठ प्रतिनिधी अध्यक्षस्थानी असतात. लोकांना म्हणणे मांडण्यासाठी किमान ३० दिवस आधी सूचना द्यावी लागते, प्रकल्पाच्या पर्यावरण अहवालाचा सारांश मराठीत उपलब्ध करून द्यावा लागतो, कामकाजाचे चित्रीकरण होते, आणि शेवटी इतिवृत्त मराठीत वाचून दाखवावे लागते. या शेवटच्या टप्प्याकडे गावाचे दुर्लक्ष होते. भाषण झाले की माणसे मंडपाबाहेर पडतात, आणि इतिवृत्तात काय लिहिले गेले हे ऐकायला कोणी उरत नाही. चार माणसे शेवटपर्यंत बसवा. आपले म्हणणे तोंडी मांडाच, पण लेखी देऊन पोच घ्या. सुनावणीच्या आधी गावात बसून मुद्दे वाटून घ्या, म्हणजे एक जण विहिरीच्या पाण्याबद्दल बोलेल, दुसरा राखेबद्दल, तिसरा रोजगाराबद्दल, आणि सगळे जण एकाच विषयावर भावनेने बोलून थांबणार नाहीत. कंपनीने तिथे दिलेली आश्वासने तारखेसह लिहून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर कायम लावून ठेवा.

आपल्या पट्ट्याविषयी एक गोष्ट मोकळेपणाने लिहितो. नागपूर शहराचे सांडपाणी भांडेवाडीच्या केंद्रात शुद्ध करून कोराडीच्या वीजकेंद्राला पुरवले जाते, आणि तेवढे पेंच धरणाचे पाणी वाचते. ही खरोखर चांगली व्यवस्था आहे आणि तिचे श्रेय संबंधितांना दिलेच पाहिजे. पण वाचलेल्या पाण्याचा लाभ शहराला होतो आणि राख मात्र गावांच्या शिवारात उडते. केंद्राने ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने राखेचा १०० टक्के वापर औष्णिक केंद्रांवर बंधनकारक केला आहे. शाश्वततेच्या अहवालात पाणी आणि राख एकाच पानावर येतात. गावाच्या वाट्याला त्यांतील राखच येते. शहरातल्या वाचकांनीही हे मनावर घ्यावे असे मला वाटते, कारण आपल्या घरातला दिवा आणि नळ या गावांच्या सहनशीलतेवर चालतात, आणि त्यांच्या सुनावणीला आपल्यापैकी फारच थोडे जण जातात.

प्रश्न : आमचा उमरेड तालुक्यातील महिलांचा बचतगट मसाले आणि पापड करतो. कंपन्या 'स्थानिकांना प्राधान्य' म्हणतात, पण माल घेत नाहीत. काही मार्ग आहे का?

उत्तर : आहे. शेअर बाजारात नोंदलेल्या, बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० कंपन्यांना सेबी या बाजार नियामक संस्थेच्या नियमानुसार दरवर्षी व्यवसाय जबाबदारी आणि शाश्वतता अहवाल द्यावा लागतो. २०२२-२३ पासून तो बंधनकारक आहे. त्यात एकूण खरेदीपैकी किती टक्के माल लघुउद्योगांकडून आणि लहान उत्पादकांकडून घेतला, आणि किती देशातूनच घेतला, हे सांगावे लागते. लोकांच्या तक्रारी ऐकण्याची काय व्यवस्था आहे हेही त्यात विचारलेले असते. आपल्या भागात ज्या कंपनीचा कारखाना आहे तिचा अहवाल तिच्या संकेतस्थळावर मिळेल. एखाद्या महाविद्यालयीन मुलीच्या मदतीने ते पान काढा, आणि खरेदी अधिकाऱ्याला भेटताना ते सोबत न्या. सुरुवात कारखान्याच्या कँटीनपासून करणे सोपे जाते, कारण तिथे मसाला रोज लागतो. गटाची उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगांसाठीची सरकारी नोंदणी, करून घ्या. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे कमाल ४५ दिवसांत द्यावेत असा २००६ चा कायदा आहे. उधारीत बुडणारे बचतगट मी फार पाहिले आहेत, म्हणून पहिली ऑर्डर लहान घ्या आणि पैसे वेळेवर आले तरच दुसरी घ्या.

प्रश्न : स्थानिक संबंधांचे आपण कौतुक करता. पण 'स्थानिक' या नावाखाली ठरावीक पुढारी कामाचे कंत्राट मिळवतात आणि आपल्याच भाऊबंदांना लावतात. मग कंपनीने बाहेरच्यांवर विसंबणे बरे नव्हे का?

उत्तर : आपला आक्षेप योग्य आहे. गावातले नाते जसे भरवसा देते तसे ते दारही बंद करते. आपल्याकडे गाव म्हणजे एकजिनसी वस्तू नाही. वरचा मोहल्ला आहे, बौद्धवाडा आहे, गोंड वस्ती आहे, आणि जमीन गेल्यावर शेतमजूर झालेली कुटुंबे आहेत. कंपनी सरपंचांना भेटली म्हणजे ती गावाला भेटली असे होत नाही. प्रकल्पात शेत गेलेल्याला मोबदला मिळतो, पण त्याच शेतावर मजुरी करणाऱ्या बाईचे नाव कोणत्याही सातबाऱ्यावर नसते, आणि तिचे काम गेल्याची नोंद कोणी करत नाही. पुढाऱ्यामार्फत गावाशी व्यवहार करणे कंपनीला सोयीचे वाटते, कारण एका माणसाशी बोलून काम भागते. त्या सोयीची किंमत मात्र पुढे उरलेल्या गावाच्या अविश्वासात चुकवावी लागते.

बाहेरच्यांवर विसंबणे हा त्यावरचा उपाय नाही. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाकडे पाहावे. "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा त्या गावाची. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर त्याला सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ पासून गाव आपला बांबू स्वतः विकू लागले. गावाशी व्यवहार करू पाहणाऱ्या व्यापाऱ्याला कोणा एका माणसाला भेटून भागत नाही. त्याला ग्रामसभेपुढे यावे लागते. तिथे निर्णय बहुमताने न होता सर्वसहमतीने होतात, त्यामुळे वेळ लागतो, परंतु झालेला निर्णय कोणी मागच्या दाराने फिरवू शकत नाही.

नागपूरच्या आसपासची गावे मेंढ्यासारखी नाहीत, हे मला मान्य आहे. इथे जमिनीचे भाव वाढले आहेत, निम्मे गाव कारखान्यात कामाला जाते आणि निम्मे भाड्याने राहायला आलेले आहे. तरीही दोन गोष्टी कोणत्याही कंपनीला उद्यापासून करता येतील. रोजगाराच्या जागा, त्यांची पात्रता आणि भरती झालेल्यांची गावनिहाय संख्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावी, म्हणजे पुढाऱ्याच्या चिठ्ठीला किंमत उरणार नाही. आणि बैठक नेहमी ग्रामपंचायत कार्यालयात न घेता एकदा बौद्धवाड्यातल्या समाजमंदिरात, एकदा महिलांच्या सोयीच्या वेळी दुपारी अंगणवाडीत घ्यावी. आपण स्वतः अशा एखाद्या गावात राहत असाल, तर येत्या ग्रामसभेत या दोन्ही मागण्या ठरावाच्या रूपाने मांडा आणि ठरावाची प्रत कारखान्याच्या व्यवस्थापकांना स्पीड पोस्टने पाठवा.